ठाण्याची भिंत आणि गावाचा कान

१/ ‘पोलीस ठाणे’ म्हणताना आपण एक जुना लष्करी शब्द उच्चारत असतो. मराठेशाहीत ठाणे म्हणजे मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी बसवलेली शिबंदीची चौकी. ठाणे बसले की अंमल बसला, ठाणे उठले की अंमल गेला. इंग्रजांनी हा शब्द टिकवला आणि त्यामागची कल्पनाही टिकवली. #धागा

२/ हा धागा वसाहतकाळातील तटबंद ठाण्यांविषयी आहे. उंच भिंत, जड दरवाजा आणि बुरुजावरचा पहारा पाहिला की सत्ता भक्कम वाटते. पण पोलिसाचे अर्धे काम कानाने चालते. भिंतीआड बसलेल्या पोलिसाला गावातले काय ऐकू येते? या एका प्रश्नासाठी आपण ठाणे, सातारा आणि पॅलेस्टाईन अशा तीन ठिकाणी जाणार आहोत.

३/ पहिले ठिकाण मुंबईकरांच्या अगदी जवळचे आहे. वाकोला, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याच बेटाच्या ईशान्येस खाडीकाठी ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला, पण काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

४/ १८१५ मध्ये या किल्ल्यात एक बडा कैदी आला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा त्याच वर्षी जुलैत पंढरपुरात खून झाला होता आणि त्याचा ठपका त्रिंबकजीवर होता. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने दडपण आणले, तेव्हा पेशव्यांना त्याला स्वाधीन करावे लागले.

५/ आता इंग्रजांची खबरदारी पाहा. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने त्रिंबकजीवर केवळ युरोपियन सैनिकांचा पहारा बसवला गेला. तट मजबूत, पहारेकरी कडक, लाच देण्याची सोय नाही. कागदावर या व्यवस्थेत एकही फट नव्हती.

६/ फट होती ती भाषेची. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी लागलेला मराठी मोतद्दार घोडा फिरवताना त्रिंबकजीच्या खिडकीखालून रोज गाणे म्हणत जाई. बाहेर काय तयारी झाली आहे, घोडे आणि सोबती कोठे थांबले आहेत, हे सारे त्या गाण्यातून आत पोहोचत होते. पहारेकऱ्यांच्या कानांवर शब्द पडत होते, अर्थ पडत नव्हता.

७/ १२ सप्टेंबर १८१६ च्या अंधाऱ्या, पावसाळी संध्याकाळी त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग लिहिताना नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आहे: जी खबरदारी म्हणून घेतली, तीच पलायनाच्या कामी आली. पुढे चुनारच्या किल्ल्यात पुन्हा कैदेत असलेल्या त्रिंबकजीला १८२४ मध्ये बिशप हेबर भेटला. त्यानेही या गाण्याची कथा लिहून ठेवली आहे.

८/ या पलायनाची किंमत मोठी होती. त्रिंबकजीला पुन्हा स्वाधीन करा, या मागणीवरून पुणे दरबार आणि इंग्रज यांचे संबंध विकोपास गेले. मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले तारण म्हणून मागितले गेले, जूनमध्ये पुण्याचा अपमानकारक तह झाला आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली.

९/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हाच एल्फिन्स्टन दख्खनचा कारभारी झाला. जिंकलेल्या मुलखात त्याने पाटील, कुलकर्णी आणि जागल करणारे महार, रामोशी ही गावची जुनी रचना बव्हंशी तशीच ठेवली. यात उदारता किती होती हा प्रश्न बाजूला ठेवू. गावात कोण आले, कोण गेले, हे गावालाच ठाऊक असते. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला हीच जबाबदारी रीतसर दिली. हा झाला राज्याचा कान.

१०/ दुसऱ्या बाजूस भिंतही वाढत होती. तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरी, सरकारी खजिना, पोलीस आणि कोठडी बहुधा एकाच आवारात असत, कित्येक ठिकाणी जुन्या गढीत किंवा वाड्यात. पोलीस दलाचा नमुना आयर्लंडमधून आला. चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये आयरिश धर्तीचे दल उभारले आणि मुंबई सरकारने १८५३ मध्ये तोच कित्ता गिरवला. आयरिश पोलीस सशस्त्र असत आणि लोकांत न राहता बराकीत राहत.

११/ भिंत आणि कान यांची परीक्षा १९४२ मध्ये झाली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जमाव पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यास गेला. गोळीबारात गावकरी मारले गेले आणि चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही ठार झाले. साताऱ्यात ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर झेंडा चढला आणि मोर्चा शांतपणे परतला. ९ तारखेला वडूजमध्ये मात्र गोळ्या सुटल्या. हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी तेथे हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही बळी गेले.

१२/ कचेरीच्या दारात भिंत जिंकली होती. येथूनच साताऱ्याने मार्ग बदलला. भूमिगतांनी भिंतीवर धडकणे सोडले आणि भिंतीबाहेरचे सारे गाव आपले केले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे न्यायदान मंडळ गावातच बसून तंटे सोडवी, त्याचे तुफान सेना हे दल गावागावांत बंदोबस्त राखी. फिर्याद घेऊन तालुक्याला जाण्याचे कारणच उरेना.

१३/ खजिन्याची गोष्टही तशीच. तिजोरी भिंतीआड सुरक्षित असते, पण पैसा कधी ना कधी बाहेर काढावाच लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना साताऱ्याच्या आणि खानदेशच्या क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ भर रस्त्यात ताब्यात घेतला. रक्कम होती सुमारे साडेपाच लाख रुपये. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी या मोहिमेत होते. मोहीम जमली ती बातमीच्या बळावर. खजिना कधी आणि कसा निघणार, हे बाहेर आधीच कळले होते.

१४/ याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारला बातमी देणाऱ्यांना प्रतिसरकारने कठोर शारीरिक शिक्षा केल्या. ‘पत्री सरकार’ हे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. म्हणजे राज्याचा कान काही अंशी लोकांच्या प्रेमाने बंद झाला आणि काही अंशी धाकाने. सरकारने गावांवर सामुदायिक दंड बसवले, जादा पोलीस आणले, नाना पाटलांवर बक्षीस लावले. तरीही १९४६ पर्यंत ते सापडले नाहीत.

१५/ आता तिसरे ठिकाण. चार्ल्स टेगार्ट हा मूळचा आयरिश अधिकारी १९२३ ते १९३१ या काळात कलकत्त्याचा पोलीस आयुक्त होता. बंगालच्या क्रांतिकारकांविरुद्ध त्याचे मुख्य शस्त्र होते हेरांचे जाळे. १९२४ मध्ये गोपीनाथ साहाने टेगार्ट समजून दुसऱ्याच इंग्रजावर गोळ्या झाडल्या. १९३० मध्ये डलहौसी चौकात त्याच्या मोटारीवर बाँब पडला. दोन्ही वेळा टेगार्ट वाचला.

१६/ पॅलेस्टाईनमध्ये १९३६ पासून अरब उठाव पेटला होता. तो शमवण्याचा सल्ला देण्यासाठी १९३७ च्या अखेरीस टेगार्टला तेथे पाठवले गेले. ग्रामीण भागातील अनेक पोलीस चौक्या सरकारला सोडून द्याव्या लागल्या आणि अरब पोलिसांवरचा विश्वास उडाला होता. भाषा जाणणारा पोलीस गमावला म्हणजे कान गमावला. उपाय म्हणून भिंती आल्या: उत्तर सीमेवर काटेरी तारांचे कुंपण आणि देशभर पन्नासहून अधिक काँक्रीटचे किल्लेवजा ठाणे. आत अंगण, पाण्याचा साठा, राहण्याच्या खोल्या, वर टेहळणीचा मनोरा. ज्याची कारकीर्द हेरांवर उभी राहिली, त्याचेच नाव या ‘टेगार्ट किल्ल्यां’ना कायमचे चिकटले.

१७/ बहुतेक किल्ले १९४० आणि १९४१ मध्ये उभे राहिले, म्हणजे ज्या उठावासाठी ते योजले तो विझल्यानंतर. १९४८ मध्ये इंग्रज निघून गेले आणि किल्ले लढणाऱ्या दोन्ही पक्षांत वाटले गेले. लात्रूनच्या किल्ल्यासाठी त्याच वर्षी अरब लीजन आणि इस्रायली सैन्य यांच्यात वारंवार झुंज झाली. आज तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. भिंती उत्तम होत्या, त्या अजूनही उभ्या आहेत. ज्यांनी बांधल्या त्यांचा अंमल मात्र सात-आठ वर्षेच टिकला.

१८/ तिन्ही ठिकाणी भिंतीने आपले काम चोख केले. तिच्याकडून भलतीच अपेक्षा केली गेली. भिंत पोलिसाचा जीव वाचवते, दारूगोळा आणि तिजोरी राखते. मुलूख राखण्यासाठी मात्र लोकांनी आपणहून ठाण्यात यावे लागते, आणि लोक परक्या दरवाजातून आपणहून जात नाहीत.

१९/ ठाण्याचा तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. तुमच्या तालुक्यातही जुनी मामलेदार कचेरी असेल, तर एकदा नीट न्याहाळा. खजिन्याची खोली कोठे आहे, कोठडी कोठे आहे, दरवाजा कोणत्या दिशेला उघडतो, पहारेकऱ्याला काय दिसत असेल. त्या बांधणीतून राज्यकर्त्यांना कोणाची भीती वाटत होती ते वाचता येते. छायाचित्र मिळाले तर खाली जरूर द्या. #इतिहास #मराठी