भीमकुंडाची वाट

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना माझी सातवीतली वही सापडली. त्यात १९८६ च्या श्रावणातल्या चिखलदऱ्याच्या सहलीचं वर्णन आहे आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलंय, "आज आम्ही धबधबा शोधून काढला!" वाचून आधी हसू आलं, मग जरा ओशाळायला झालं.

मामा आम्हा सगळ्या भावंडांना अमरावतीहून परतवाड्यामार्गे घेऊन गेले होते. भीमकुंडाला पायी जायचं ठरलं, तर धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. "धबधबा पाह्याचा असन त भिजा लागते बाप्पा," म्हणत मामा पुढे झाले आणि थोड्याच वेळात वाट चुकले. तिथे गुरं राखणारा एक कोरकू माणूस भेटला. फारसं न बोलता तो आमच्या पुढे चालू लागला. धबधबा आधी नुसता ऐकू आला. मग वाऱ्यानं धुकं फाटलं आणि समोर कडा, खोल दरी आणि तीत कोसळणारी पांढरी धार! मी पुढे सरकले तसं त्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं.

भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले, अशी कथा आहे. कीचकदरा, त्यावरून चिखलदरा. (श्रावणात तिथं गेलेल्या माणसाला दुसरी व्युत्पत्ती सुचते, ती वेगळी!)

पण या डोंगराचा लिहिलेला इतिहास वाचला की गंमत वाटते. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदरा 'शोधून काढलं', असं सगळीकडे छापलेलं असतं. आणि चिखलदऱ्याला अगदी लागून गाविलगड उभा आहे! बहामनी सुलतान अहमदशाह वलीनं तो १४२५ च्या सुमारास बांधला, असं फेरिश्ता लिहितो. नाव मात्र गवळ्यांचं, म्हणजे त्याआधीही तिथं कुणीतरी असणारच.

बरं, इंग्रजांनाही हा डोंगर नवा नव्हता. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) गाविलगडावर आला. दक्षिणेकडून उभा कडा, तिथून डाळ शिजेना. म्हणून कर्नल स्टीव्हन्सननं सुमारे ३० मैल डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

हे सगळं डिसेंबरात, कोरड्या दिवसांत. जो कडा किल्ला राखतो, तसल्याच कड्यावरून पावसाळ्यात धबधबे पडतात. दोन्ही त्याच काळ्या दगडाची करणी. श्रावणातल्या चिखलातून तोफा कशा ओढल्या असत्या, कोण जाणे.

म्हणजे ज्या डोंगरात एवढं युद्ध झालं, तिथलं गाव वीस वर्षांनी 'सापडलं'! आणि कोरकू? त्यांची भाषा संथाली-मुंडारीच्या कुळातली, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेची. मराठी आणि हिंदीच्या मधोमध ती टिकून राहिली. या रानातला झरा न् झरा ज्यांना ठाऊक, त्यांनी काही शोधून काढल्याचं कुठल्या पुस्तकात नाही.

रॉबिन्सनला हसणं सोपं आहे हो. पण माझ्या वहीत तरी काय आहे? मामांनी घेतलेली भजी आहेत, भावाची हरवलेली चप्पल आहे, धारेची उंचीसुद्धा (अर्थात अंदाजे) आहे. ज्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं, त्याचा उल्लेख नाही. आम्ही कुणी त्याचं नावच विचारलं नव्हतं. कड्यावरून परतताना त्यानं वाट दाखवली आणि तो गुरांकडे गेला, एवढं मला आठवतं.

मामा आता नाहीत. पण भावंडांपैकी कुणाला आणखी काही आठवत असेल तर जरूर सांगा. वहीत त्या ओळीखाली थोडी जागा आहे.