गुलाबी की निळा? बाळाच्या खोलीची गोष्ट, नायगाव ते नकुशी

 

गेल्या आठवड्यात भाच्याच्या घरी गेलो होतो. भाचेसुनेला सातवा महिना. मागच्या छोट्या खोलीचं काम काढलेलं. रंगारी शिडीवर उभा राहून विचारतो, "साहेब, गुलाबी की निळा?" भाचा हसला आणि म्हणाला, "ते कळायला बंदी आहे." आमची आई कोपऱ्यात बसलेली. तिचं वेगळंच. "बाळ यायच्या आधी एवढी तयारी करू नये. पाळणा तर मुळीच आणू नये."

आईचं बोलणं नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. तिच्या आईच्या काळात जन्मलेलं मूल जगेलच याचा भरवसा नव्हता. म्हणून नवे कपडे नाहीत, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. बाळंतिणीची खोली म्हणजे वाड्यातली सगळ्यात अंधारी जागा. खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची अन् बाळंतशेपांची धुरी, उशाखाली विळा. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येणार म्हणून कोरा कागद आणि लेखणी. सजावट म्हणाल तर एवढीच. त्यात माया होती, पण धूर आणि भीतीही होती.

आता आपल्याच मातीतल्या एका बाईंची गोष्ट. खंडाळा तालुक्यातलं नायगाव, ३ जानेवारी १८३१ चा जन्म. सावित्रीबाई फुले. जोतीरावांचं मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. शाळेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, या घराची फारशी कुणी सांगत नाही.

१८६३ साली या दोघांनी पुण्यात स्वतःच्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद. दिवस गेले तर तिच्यापुढं विहीर, नाहीतर मूल मारणं. जोतीरावांनी ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या. सांगणं साधं होतं : इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. सांभाळ सावित्रीबाईंकडे. स्वतःला मूल नसलेली बाई दुसऱ्यांच्या बाळांसाठी खोली तयार ठेवत होती.

१८८४ साली जोतीरावांनी विधवांच्या प्रश्नावर आपला अभिप्राय लिहून दिला. त्यात हिशेब आहे. तोवर ३५ विधवा तिथं बाळंत झाल्या, मुलं जगली फक्त ५. बाकीची का गेली? गर्भ लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. म्हणजे दार उघडं होतं, पण लाज त्या दारापर्यंत वेळेत पोचू देत नव्हती.

१८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. जगाला नको असलेल्या पोरानं जगाची नाडी धरली, एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्याकडं बघू. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. विचार करा, नाव ठेवताना आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते. त्या कानात सांगितलेला पहिला शब्द कुठला, तर नको. आणि २०१७ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, १९ भ्रूण सापडले. १८६३ मध्ये लाज विधवेची होती. आता लग्नाच्या बायकोला मुलगी झाली की लाज वाटते. लोकांनी कारण बदललं, औषध तेच राहिलं.

म्हणून रंगाऱ्याचा प्रश्न मला साधा वाटला नाही. मुळात गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा हे काही आपल्या आजीचं शास्त्र नव्हे, बाजारानं बाहेरून आणलेलं आहे. खोली सजवा, जरूर सजवा. खिडकी मात्र उघडी ठेवा, उजेड येऊ द्या. आणि त्या खोलीत जे येईल त्याला 'हवंसं' म्हणायची तयारी आधी करा. पडदे, खेळणी नंतर आली तरी चालतील.

भाचेसुनेनंच शेवटी निकाल लावला. रंगाऱ्याला म्हणाली, "दादा, हळदीसारखा पिवळा लावा." आई काही बोलली नाही. संध्याकाळी बघितलं तर ट्रंकेतलं जुनं लुगडं काढून दुपटी शिवायला बसली होती.