बद्रीकेदारची पायवाट आणि बरखेड्याचा सकाळचा फेरा

भोपाळच्या ज्या अवजड विद्युत कारखान्याचे उद्घाटन ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्याच्या वसाहतीत बरखेडा येतो. कारखान्याच्या निमित्ताने इथे प्रांतोप्रांतीची माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पहिल्या पिढीला निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला आहे. अमरनाथ किंवा चारधामची नोंदणी सुरू झाली की या मंडळींच्या सकाळच्या फेऱ्याला एकदम जोर चढतो. नवे बूट येतात, डॉक्टरांच्या दारी प्रमाणपत्रासाठी खेपा होतात, आणि सूनबाई काळजीत पडतात की बाबांना पाठवावे की नाही.

ही काळजी जुनीच आहे. आपल्याकडे उत्तरेच्या यात्रेची तयारी म्हणजे निरवानिरवच असे. देणीघेणी चुकवायची, शेतीवाडीची व्यवस्था लावायची, भावकीतले रुसवे मिटवायचे आणि गाव वेशीपर्यंत पोचवायला येई. रोकड जवळ बाळगण्यापेक्षा हुंडी बरी. गंगेचे पाणी घेऊन माणूस सुखरूप परतला की मावंदे घालायचे. त्या जेवणावळीत पुण्याइतकाच, माणूस जिवंत परत आल्याचाही आनंद असणार! बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेस निघाल्या तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांची बडदास्त ठेवली. पण तो मान पेशव्यांच्या आईचा. सामान्य यात्रेकरूला आधार होता तो धर्मशाळेचा. बद्रीकेदारच्या वाटेवर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या धर्मशाळांची किंमत त्याच्याच पायांना कळली असेल.

या वाटेवरच्या मुक्कामाला चट्टी म्हणत. गवताने शाकारलेली पडवी आणि एक दुकानदार. त्याच्याकडून पीठ-डाळ घ्यायची, की भांडी आणि निवारा फुकट. पुढे एकोणिसाव्या शतकात ऋषीकेशच्या काली कमलीवाल्या बाबांनी धर्मशाळा आणि सदावर्ते उभारून हीच सोय वाढवली. आता साधा हिशेब करून पाहावा. हरिद्वारहून केदारनाथ सुमारे अडीचशे किलोमीटर. रोज पंधरा-सोळा किलोमीटर चालले तरी पंधरवडा लागे. तेवढ्या दिवसांत माणूस तीनशे मीटरवरून ३५८३ मीटरवर जाई. त्याला ठाऊक नव्हते, पण चट्टीगणिक त्याचे शरीर विरळ हवेला सरावत होते. या यात्रेची खरी तयारी घरी नव्हे, वाटेवरच होत असे.

सीमाभागातल्या वाचकांना काका कालेलकरांचे नाव सांगायला नको. त्यांचे बालपण बेळगावच्या परिसरात गेले. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर १९१२ साली ते स्वामी आनंदांसोबत हिमालयात पायी गेले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी लिहिले ते गुजरातीत. मराठी माणसाचा हिमालय गुजराती घरांत आधी पोचला, याचे दुभाषी मुलखात राहणाऱ्यांना नवल वाटू नये.

विरळ हवेचा त्रास पहाडातल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होता. १८१५ मध्ये गढवालातून हिंडलेल्या जेम्स बेली फ्रेझर या प्रवाशाला वाटाड्यांनी ‘बिस की हवा’, म्हणजे विषारी वारा, असे त्याचे नाव सांगितले. उंचावरच्या फुलांच्या वासाने डोके दुखते आणि धाप लागते अशी त्यांची समजूत होती. कारण चुकले, पण लक्षणे अचूक होती. शास्त्राने त्याकडे नीट पाहिले ते सैनिकांमुळे. १९६२ च्या चीन युद्धात मैदानातले जवान थेट उंच चौक्यांवर न्यावे लागले. अशा १९२५ जवानांच्या त्रासाचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो आजही जगभर आधाराला घेतला जातो. त्याच युद्धानंतर सीमेकडे जाणारे रस्ते झपाट्याने वाढले आणि यात्रेकरू मोटारीत बसला. म्हणजे जे जवानाचे झाले तेच यात्रेकरूचेही झाले. पंधरवड्याची चढण दोन-तीन दिवसांवर आली, आणि हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांवर.

अमरनाथची गुहा ३८८८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६३ टक्के, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू तितकाच कमी. भोपाळ जेमतेम पाचशे मीटरवर. भेलमध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरची नेहमीची क्षमता १००० मीटर उंचीपर्यंतच धरतात. त्यावर हवा विरळ होते, यंत्र नीट थंड होत नाही, म्हणून त्याच्यावरचा भार कमी करावा लागतो. यंत्राला आपण ही सवलत देतो, सासऱ्यांना देत नाही!

ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर बर्फवृष्टीत दोनशे चाळीसहून अधिक यात्रेकरू थंडीने आणि थकव्याने दगावले. नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येला मर्यादा घालायला सांगितले. २००० च्या कायद्याने देवस्थान मंडळ आले. २०१२ मध्ये यात्रेतल्या मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज ठरवून दिलेल्या डॉक्टरांचेच आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि तेरा वर्षांखालच्या व सत्तरीपुढच्या माणसांना परवानगी नाही. निदान महिनाभर आधी रोज चार-पाच किलोमीटर चालावे, प्राणायाम करावा, असेही मंडळ सांगते. केदारच्या वाटेवरचे चित्र याहून वेगळे नाही. २०२२ च्या एका मोसमात चारधामात दोनशेहून अधिक यात्रेकरू प्रकृतीच्या कारणाने गेले.

बरखेड्याचा सकाळचा फेरा म्हणूनच हवाच. त्याने पाय आणि छाती तयार होतात, लपलेला हृदयविकारही कधी कधी चढावर आधीच बोलतो. पण विरळ हवेचा सराव त्याने होत नाही. धडधाकट तरुणालाही डोकेदुखी आणि उलट्या गाठतात, उलट तो भराभर चढतो म्हणून लवकरच गाठतात. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता मिळवलेला शिक्का तर निव्वळ कागद. तो दाखवून फार तर नाक्यावरचा शिपाई पुढे सोडील.

उपाय एकच, तो म्हणजे दिवस वाढवणे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. मंदिराच्या वाटेवर हे तंतोतंत जमत नाही, कारण मधे तसे मुक्कामच नाहीत. पण गुप्तकाशीला किंवा पहलगामला दोन रात्री काढणे कुणालाही जमते. डोके दुखू लागले तर वर न चढणे आणि वाढले तर खाली उतरणे, हेही जमते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उंचीवरच्या औषधाचे घरूनच विचारून निघावे. सहल कंपन्या मात्र दिवस कापूनच भाव पाडतात. आणि ते कापलेले दिवस निवडणारा बहुधा मुलगा असतो, कारण रजा त्याला काढायची असते. निवृत्त बाबांकडे दिवसच दिवस असतात.