गुटी आणि गोळी

राहात्याच्या बाजारांत पेरूंच्या ढिगांजवळून जात असतां माझा एक जुना विद्यार्थी भेटला. कॉलेज सोडून त्याला वीस वर्षें झालीं. हल्लीं तो घरची बाग पाहतो. कुशलप्रश्न झाल्यावर त्यानें पिशवींतून एक डबी काढून माझ्या हातांत दिली. तींत जायफळ, खसखस व अश्वगंधा यांचें चूर्ण होतें आणि रात्रीं दुधांतून घेतल्यास ‘नैसर्गिक’ झोंप लागते, असें वर छापलें होतें. “सर, यांत खरें किती?” असें त्यानें विचारलें. मी इतिहासाचा शिक्षक, वैद्य नव्हे. तथापि या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे व ती आमच्या घराघरांतून गेलेली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

निद्रेची चिंता आमच्याकडे नवी नाहीं. चरकसंहितेनें आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीनें निद्रेला शरीराच्या तीन आधारांत बसविलें. त्याच ग्रंथांत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत गेलेली झोंप परत आणण्याचे उपाय सांगितले आहेत. त्यांत दूध, दहीं-भात, तूप, मांसरस, इतकेंच नव्हे तर मद्यही आहे. आणि पुढें निरनिराळ्या दुधांचे गुण सांगतांना म्हशीचें दूध निद्रानाशावर हितकर म्हटलें आहे. परंतु यादी तेवढ्यावर संपत नाहीं. अंगाला तेल लावणें, स्नान, अंग चेपणें, आवडता सुगंध, मधुर शब्द, मनाचें स्वास्थ्य, सुखकर शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ हीं सर्व तींत आहेत. आजचा डबीवाला या यादींतून जें विकतां येतें तेवढेंच उचलतो. घर, शय्या, वेळ आणि मनःस्वास्थ्य यांचें चूर्ण होत नाहीं.

महाराष्ट्रीय घरांत ही परंपरा सहाणेवर उतरली. तान्ह्या मुलाला न्हाऊं घालून, धुरी देऊन, हिरडा, सुंठ, वेखंड, मुरडशेंग, जायफळ इत्यादिकांचे ठराविक वेढे दुधांत उगाळून गुटी देत. मूल शांत निजे. त्या झोंपेचें श्रेय जायफळाला मिळे. ऊन पाणी, तेलाचा हात आणि आजीची मांडी यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नसे. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहींच देऊं नये असें म्हणतात, तें योग्यच आहे. परंतु गुटी देणाऱ्या घरांत मुलाजवळ बसावयास माणूस होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

ज्या घरांत तें माणूस नव्हतें, तेथें गुटीची जागा गोळीनें घेतली. या गोळीला ‘बाळागोळी’ असें गोंडस नांव होतें व तींत अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया घाटावरून व कोंकणांतून आलेल्या. १८९१ च्या कायद्यानें त्यांच्या कामाला दिवसाकांठीं अकरा तासांची मर्यादा घातली. म्हणजे अकरा तास काम कायदेशीर ठरलें. मूल सांभाळणार कोण? सकाळीं गोळी दिली कीं तें संध्याकाळपर्यंत पडून राही. १९२२ सालीं डॉ. बार्न्स या बाईंनीं गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हां त्यांच्या बहुतेक मुलांना अफू दिली जाते असें आढळलें. मात्रा किंचित् चुकली तर मूल पुन्हां जागें होत नसे. चुकली नाहीं तरी दूध न पितां सुकत जाई. वस्तुतः अफूही नैसर्गिकच. ती शेतांत पिकते, तिचा चीक बोंडांतून येतो, आणि ती निद्रा आणते यांत तर तिळमात्र शंका नाहीं.

यापूर्वींच, १८९३ सालीं नेमलेल्या रॉयल अफू-कमिशनपुढें या चालीच्या साक्षी झाल्या होत्या. १८९५ च्या अहवालानें अफूचा घरगुती वापर बहुतांशीं निरुपद्रवी ठरविला. सरकारच्या तिजोरींत अफूचें उत्पन्न येत होतें, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्याला विक्रीचा लाभ, त्यानेंच पुराव्याचा निवाडा करावा, ही रीत आजच्या जाहिरातींनीं शोधून काढलेली नाहीं.

आतां त्या डबीकडे वळूं. खसखस अफूच्याच बोंडांतली खरी. परंतु दाण्यांत अफूचें सत्त्व नाममात्र असतें आणि तेंही बहुधा चिकांतून बाहेरून लागलेलें. खिरीनें येणारी सुस्ती ही जड जेवणाची. जायफळाची गोष्ट निराळी. १८२९ सालीं पुर्किन्ये या शास्त्रज्ञानें तीन जायफळें खाऊन स्वतःवर प्रयोग केला आणि गुंगी, स्वप्नें व भ्रम यांचा अनुभव लिहून ठेवला. म्हणजे श्रीखंडांतल्या चिमटीनें फारसें कांहीं होत नाहीं, आणि अख्खें फळ खाल्लें तर जें होतें ती झोंप नव्हे, विषबाधा होय. दुधांत ट्रिप्टोफॅन नांवाचें द्रव्य आहे व त्यापासून शरीरांत निद्रेशीं संबंध असलेलीं द्रव्यें बनतात. परंतु ज्या प्रयोगांत त्याचा गुण दिसला, त्यांत मात्रा एक ग्रॅमच्या आसपास होती. पेलाभर दुधांत ती सुमारे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी भरते.

अश्वगंधेला मात्र कांहीं पुरावा आहे. २०२१ सालीं पांच प्रयोगांचा, एकंदर ४०० माणसांचा, एकत्र हिशेब झाला. त्यांत झोंपेंत अल्प परंतु मोजतां येईल अशी सुधारणा दिसली. त्याचबरोबर कांहीं जणांच्या यकृताला इजा झाल्याचीं वृत्तेंही नोंदलेलीं आहेत, आणि २०२३ सालीं डेन्मार्कनें तिच्यावर बंदी घातली. परदेशी फळांच्या कीर्तीचा पायाही असाच अरुंद आहे. किवी फळावरील तैवानमधील २०११ चा प्रयोग अवघ्या २४ माणसांवर झाला आणि फळ न खाणारा दुसरा गट तुलनेला नव्हताच.

आमच्या वनस्पतींची खरी परीक्षा कशी होते, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. सर्पगंधेवर १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं लिहिलें. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकिलांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकांत मांडले. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पीन वेगळें काढलें गेलें. गुण सिद्ध झाला, आणि गुणाबरोबर मन खिन्न करण्याचा दोषही पुढें आला. जें खरोखर काम करतें तें अपायही करूं शकतें. म्हणून त्याला मात्रा लागते, देखरेख लागते. ‘नैसर्गिक’ या एका शब्दानें दोन्ही गरजा भागत नाहींत.

हें सर्व मी त्या विद्यार्थ्याला सांगितलें, आणि मग त्याच्या झोंपेची चौकशी केली. कालव्याचें आवर्तन सुटलें कीं पाणी रात्रीं भरावें लागतें, विहिरीवरची वीजही बहुधा रात्रींच येते. दिवसा पडावें तर बाजार, मजूर आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढें उभा राहतो. मला गिरणींतली ती आई आठवली. तिच्या मुलाची झोंप गोळीनें गेली नाहीं कीं आली नाहीं. ती अकरा तासांच्या पाळीनें गेली होती. त्यावर उपायही पुढें गोळीनें झाला नाहीं. १९२९ च्या मुंबईच्या प्रसूति-साहाय्य कायद्यानें आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यांतील पाळणाघराच्या कलमानें त्याला निदान आरंभ झाला.

माझ्या विद्यार्थ्याला मीं दूध बंद करावयास सांगितलें नाहीं. त्यानें पोट तरी भरतें. रात्रपाळी भावाबरोबर आळीपाळीनें वाटून घ्यावी, जागरणानंतर अंधाऱ्या खोलींत ठराविक वेळीं निजावें, आणि एवढ्यानें न भागल्यास डॉक्टरला दाखवावें, असें सुचविलें. २०१६ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मान्यवर संस्थेनेंही जुनाट निद्रानाशावर प्रथम औषध न देतां निजण्याच्या सवयी व त्यामागचे विचार सुधारण्याचे उपचार करावेत, असाच सल्ला दिला आहे. चरकाच्या यादीचा उत्तरार्ध तो हाच. डबी त्यानें पिशवींत परत ठेविली. “भावाशीं बोलून पाहतों,” तो म्हणाला. आणि पेरूचा भाव ऐकण्यासाठीं अडत्याच्या दुकानाकडे वळला.