हुक्क्यातील पाणी

एखादी वस्तू आपणांस अपायकारक आहे असा संशय आला, तर ती तत्काळ टाकून देणारा मनुष्य विरळा. बहुतेकांची पहिली धडपड ती वस्तू न टाकता तिच्यातील दोष तेवढा गाळून घेता येतो काय, हे पाहण्याची असते. तंबाखूचा धूर पाण्यातून नेण्याची जी युक्ती हुक्क्यात दिसते, ती ह्या मनुष्यस्वभावाचेच एक उदाहरण होय. महाराष्ट्रात २०१८ साली कायद्याने हुक्का-पार्लरे बंद करण्यात आली, त्या सुमारास वर्गाबाहेरच्या बोलण्यात एका चुणचुणीत विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले, “सर, सिगारेटची गोष्ट निराळी, हुक्क्याचा धूर पाण्यात धुऊन येतो.” त्या ‘धुऊन’ शब्दाने आम्ही चमकलो, कारण नेमका हाच समज सतराव्या शतकातील एका इंग्रज प्रवाशाने आपल्याकडील लोकांच्या तोंडचा म्हणून नोंदून ठेविला आहे. चार शतके तग धरून राहिलेला हा समज कसा रुजला, त्यापायी कारागिरांनी कोणकोणती भांडी घडविली, आणि त्यात तथ्य किती, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगिजांच्या मार्फत ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मोगलांच्या आधी दख्खनच्या दरबारात रुळली. अकबराने आपला पुत्र दानियाल ह्याच्या विवाहाच्या कामी असद बेग नावाच्या अधिकाऱ्यास विजापूरच्या आदिलशाहाकडे पाठविले होते. तो १६०४ च्या सुमारास आग्र्यास परतला, तेव्हा नजराण्याच्या इतर वस्तूंबरोबर त्याने तंबाखूही आणली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेविला आहे, आणि तो मोठा मनोवेधक आहे. रत्ने व मिन्याचे काम ह्यांनी मढविलेली तीन हात लांब नळी, तिला येमेनी अकिकाचे मुखनाळ, निखाऱ्यासाठी सोन्याचे पात्र, आणि आदिलशाहाने दिलेल्या पानाच्या बटव्यात भरलेली तंबाखू, असा सगळा सरंजाम त्याने रुप्याच्या तबकात मांडला. बादशहाची दृष्टी तबकावर गेली. हे काय म्हणून त्याने विचारताच खान-ई-आझमने सांगितले की, ही तंबाखू. मक्कामदिनेस ती सर्वांस ठाऊक आहे, आणि औषध म्हणून ती हुजुरांसाठी आणिली आहे.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले, तोच राजवैद्य अस्वस्थ झाला आणि त्याने पुढे ओढू दिले नाही. मग दरबारातच वाद जुंपला. वैद्याचे म्हणणे असे की, हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, त्याची परीक्षा झालेली नाही, आणि केवळ फिरंगी लोक घेतात म्हणून आपण घेणे योग्य नव्हे. असद बेगाचे उत्तर असे की, जगातील प्रत्येक चाल केव्हा तरी नवीनच होती. फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत. आणि वापरून पाहिल्यावाचून गुणदोष कळणार कसे? अकबरास हे उत्तर रुचले. अन्य देशांतील ज्ञात्यांनी स्वीकारलेली गोष्ट आपल्या पोथीत नाही एवढ्यावरून टाकू नये, असा त्याने अभिप्राय दिला. परंतु स्वतः मात्र ते व्यसन लावून घेतले नाही. सरदारांनी तंबाखू मागून नेली, व्यापाऱ्यांनी ती विकावयास आणली, आणि रिवाज पसरला. योगायोग असा की, १६०४ सालीच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिका छापून प्रसिद्ध केली होती. एका राजाने तंबाखूस शिव्या दिल्या, दुसऱ्याने ती चाखून बाजूस ठेविली. प्रजेने मात्र दोन्ही देशांत तिला घरात घेतले.

आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, असद बेगाच्या त्या तबकात पाण्याचे भांडे नाही. मग हुक्का आला कोठून? लोकप्रिय कथा अशी आहे की, अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी ह्याने धुरातील दोष जावा म्हणून तो पाण्यातून नेण्याची युक्ती काढली. कथा ऐकावयास गोड आहे. परंतु कालगणनेपुढे ती टिकत नाही. अबुल फतह हा १५८९ सालीच निवर्तला आणि त्यास हसन अब्दाल येथे पुरण्यात आले. असद बेगाचे तबक दरबारात येण्यापूर्वी पंधरा वर्षे जो मरण पावला, त्याने त्या तबकातील धुरावर उपाय शोधला, हे म्हणणे कठीण आहे. हुक्का प्रथम इराणात झाला की हिंदुस्थानात, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांस ह्या दंतकथेत महत्त्वाचे वाटते ते निराळेच. लोकांनी ह्या उपकरणाचा जनक म्हणून सुताराचे, कासाराचे वा एखाद्या रंगेल सरदाराचे नाव घेतले नाही. त्यांनी वैद्याचे नाव घेतले. पाण्याचा संबंध आरोग्याशी आहे, ही समजूत दंतकथेच्या बीजातच आहे.

दंतकथा बाजूस ठेवून साक्षीदाराकडे वळावे. सर टॉमस रो ह्या इंग्रज वकिलाबरोबर एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक १६१६ ते १६१९ ह्या काळात हिंदुस्थानात होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात, जे पुढे १६५५ साली पुस्तकरूपाने छापले गेले, येथील लोकांची तंबाखू ओढण्याची रीत बारकाईने वर्णिली आहे. फुलझाडाच्या लहान कुंडीसारखे मातीचे भांडे, त्याच्या पोटातून निघालेली तोटी, आत पाणी, वर तंबाखू आणि तिच्यावर निखारा. तोटीत बसविलेल्या वेताच्या पोकळ नळीने लोक धूर ओढतात, तो आधी पाण्यावर येतो आणि पाण्याचा रंग फार पालटवितो. अशा रीतीने ओढलेली तंबाखू अधिक थंड व अधिक आरोग्यदायक होते, असे हे लोक मानतात, असेही तो सांगतो. ह्या एका वर्णनात प्रस्तुत विषयाचे सर्व मर्म आले आहे. पाणी काळवंडते, हे प्रत्यक्ष दिसत होते. आणि जे पाण्यात उतरले ते छातीत गेले नाही, असा हिशेब लोकांनी मांडला होता.

सत्ताधीशांचा मात्र ह्या हिशेबावर विश्वास बसलेला दिसत नाही. १६१७ साली जहांगिराने तंबाखूपासून लोकांच्या प्रकृतीत बिघाड होतो म्हणून ती ओढण्यास मनाई केली, आणि इराणच्या शहा अब्बासानेही आपल्या राज्यात तशीच मनाई केल्याचे त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे. परंतु इराणात गेलेला जहांगिराचा स्वतःचा वकील खान आलम हा तंबाखूवाचून क्षणभर राहू शकत नसे! ही अडचण शहाच्या कानी घालण्यात आली, तेव्हा त्याने पद्यातून विनोदाने त्यास मोकळीक दिली. जेथे बादशहाच्या वकिलाचीच ही अवस्था, तेथे हुकूम बाजारपेठेत किती पाळला गेला असेल, ह्याची कल्पना करावी.

पुढील दोन शतकांत हुक्का ही एक कलाच झाली. मूळ रचना साधी आहे. चिलमीत तंबाखू, तिच्यावर निखारा. चिलमीपासून निघालेली उभी नळी पाण्यात बुडालेली. दुसरी नळी पाण्याच्या वरील मोकळ्या जागेत उघडणारी. ओढणाऱ्याने दुसऱ्या नळीतून श्वास घेतला की ती जागा विरळ होते, आणि ती भरून काढण्यासाठी चिलमीतील धूर पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. त्या आवाजावरूनच आपण लहान हुक्क्यास ‘गुडगुडी’ म्हणतो. ह्या रचनेचे सर्वांत साधे भांडे म्हणजे नारळाची करवंटी. पश्चिम आशियात हुक्क्यास जे ‘नारगिले’ नाव आहे, ते फारसी ‘नारगील’ म्हणजे नारळ ह्यावरून आले, आणि ‘नारगील’ हा आपल्या ‘नारिकेल’ शब्दाचाच वंशज. इस्तंबूलच्या काचेच्या हुक्क्याने आपल्या नावात किनारपट्टीची करवंटी अशी जपून ठेविली आहे.

गरिबाच्या हाती करवंटी व मातीचे भांडे, तर श्रीमंताच्या बैठकीत धातू आणि काच. सतराव्या शतकातील भांडी बहुधा गोल घागरीसारखी असून ती लवंडू नयेत म्हणून खाली कडे ठेवावे लागे; अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची भांडी प्रचारात आली, आणि कड्याची गरज उरली नाही. दख्खनमधील बीदरच्या कारागिरांनी ह्या कामी आपले कसब पणास लावले. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर रुप्याची वेलबुट्टी ठोकून बसवावयाची, आणि किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर ह्यांच्या लेपाने जस्त काळेभोर करून रुपे उजळ ठेवावयाचे, ही बिदरी कामाची रीत. युरोपातील व आपल्याकडील संग्रहालयांत बिदरी कामाचे जे उत्तम जुने नमुने आहेत, त्यांत हुक्क्याच्या भांड्यांची संख्या मोठी आहे.

आकार बदलला की धुराची जातही बदले. करवंटीत पाणी थोडे आणि नळी आखूड, म्हणून धूर उष्ण व झणझणीत. मोठ्या भांड्यात पाणी पुष्कळ आणि पुढे कित्येक हात लांब लवचीक नळी, म्हणून धूर निवत निवत तोंडाशी येई. उभी नळी पाण्यात फार खोल गेली तर ओढताना दम लागे. वरचेवर बुडाली तर धूर कढत राही. म्हणून पाण्याची उंची साधणे हे खास नोकराचे, हुक्काबरदाराचे, काम होते. पाणी ताजे भरणे, त्यात गुलाबजल घालणे, गुळाने मळलेली गुडाखू चिलमीत बेताने दाबणे आणि गूल नीट फुलविणे, ही त्याची विद्या. कलकत्त्याच्या इंग्रज साहेबांनीही ती मान्य केली होती. १७७९ साली वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने पाठविलेल्या मेजवानीच्या निमंत्रणात, पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर बरोबर आणू नये, अशी विनंती आढळते. ह्या सर्व खटाटोपाचे साध्य एकच होते, घशास न टोचणारा मऊ धूर. आणि ते पूर्णपणे साधले, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न आहे तो मऊपणाचा अर्थ काय, हा. धूर पाण्यातून जाताना निवतो, ओला होतो, आणि पाण्यात विरघळणारे काही पदार्थ, निकोटीनचा काही अंश धरून, पाण्यात राहतात. टेरीने पाहिलेला पाण्याचा पालटलेला रंग खोटा नव्हता. परंतु धूर पाण्यातून जातो तो बुडबुड्यांत बंद होऊन. बुडबुड्याच्या पोटातील पुष्कळसा धूर पाण्यास न शिवताच वर येतो. शिवाय निखाऱ्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. म्हणजे पाण्यात जे अडकले ते डोळ्यांस दिसले, आणि जे निसटले ते दिसण्यासारखेच नव्हते. चार शतकांच्या समजुतीचा पाया हा असा एकांगी पुरावा होय.

ह्याहूनही एक सूक्ष्म गोष्ट आहे. घशाची आग ही निसर्गाने ठेविलेली पहाऱ्याची घंटा. कढत धुराचा मोठा घोट मनुष्य घेऊ शकत नाही. खोकला त्यास थांबवितो. निवलेला धूर मात्र खोल ओढता येतो आणि तासन्‌तास ओढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या टिपणात हे आकड्यांत मांडले आहे. सिगारेट ओढणारा पाच-सात मिनिटांत ८ ते १२ झुरके घेतो आणि अर्धा लिटरभर धूर आत घेतो. हुक्का ओढणारा २० ते ८० मिनिटांच्या बैठकीत ५० ते २०० झुरके घेतो, आणि त्यांतील एकेक झुरका ०.१५ लिटरपासून १ लिटरपर्यंत असू शकतो. पाण्याने निकोटीन थोडे कमी केले, तर व्यसनी मनुष्य तेवढी भर पडेपर्यंत ओढीत राहतो, असेही तेथे म्हटले आहे. पाण्याने घंटा मुकी केली, चोर अडविला नाही.

असद बेग आणि राजवैद्य ह्यांच्या त्या वादाकडे पुन्हा पाहता आम्हांस दोघांचेही म्हणणे अर्धे खरे वाटते. पोथीत नाही म्हणून नवी वस्तू टाकू नये, हे खरे. आणि परीक्षेवाचून ती स्वीकारू नये, हेही तितकेच खरे. परंतु वैद्याने मागितलेली परीक्षा कोणी घेतली नाही. तिच्या जागी पाण्याचे भांडे आले, आणि घशास बरे वाटते हाच परीक्षेचा निकाल धरण्यात आला. बीदरचे कारागीर व कलकत्त्याचे हुक्काबरदार ह्यांनी पुढे जे कौशल्य दाखविले, ते सारे ह्या न झालेल्या परीक्षेवर चढविलेले रुप्याचे नक्षीकाम होते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही हा इतिहास थोडक्यात सांगितला. तो अकबराच्या दरबारापर्यंत मन लावून ऐकत होता, बुडबुड्याची गोष्ट निघाली तेव्हा काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मग पाणी काळे होते ते कशाने?” प्रश्न रास्त होता. आम्ही त्यास एवढेच सांगितले की, काळे पाणी खोटी साक्ष देत नाही. आत काय होते, हे ते सांगते. किती बाहेर राहिले, हे आपण त्याच्या तोंडी घातले.