‘अभिजात’मधली जात

केंद्र सरकारनं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तोवर समीक्षेच्या पुस्तकांत राहणारा ‘अभिजात’ हा शब्द गावोगावच्या फलकांवर आला. त्याची फोड सोपी आहे. ‘जन्’ म्हणजे जन्मणे, त्यावरून ‘जात’, आणि त्याआधी ‘अभि’. संस्कृतात हे मुळात माणसाचं विशेषण: चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. ग्रंथाला, भाषेला, संगीताला ते नंतर लागलं. मराठी समीक्षकांनी ‘क्लासिकल’साठी हाच शब्द निवडला आणि निवड अगदी नेमकी होती, कारण ‘क्लासिक’चाही उगम माणसांच्या प्रतवारीत आहे.

त्यासाठी रोमला जावं लागतं. सर्व्हियस टुलियस या राजानं मालमत्ता मोजून नागरिकांचे पाच ‘क्लासिस’ पाडले, असं रोमन इतिहासकार सांगतात. ज्याची जितकी मालमत्ता, तितकी त्याची शस्त्रं आणि तितकं त्याच्या मताला वजन. सभेत एकूण १९३ मतगट होते. त्यांपैकी घोडेस्वार आणि पहिला वर्ग यांचे मिळून ९८. मतदान वरून सुरू व्हायचं, त्यामुळे या ९८ गटांचं एकमत झालं की खालच्यांना विचारण्याचं कारणच उरत नसे. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांना मिळून एकच मतगट होता. त्यांना ‘प्रोलेटारी’ म्हणत. ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. राज्याला द्यायला यांच्याकडे पोटच्या पोरांखेरीज काही नाही, असा त्या नावाचा अर्थ. ‘क्लासिकुस’ हे विशेषण मात्र पाचही वर्गांतल्या माणसांना लागत नसे. ते फक्त पहिल्या वर्गाचं होतं, बाकीचे ‘वर्गाखालचे’.

आता हा शब्द साहित्यात कसा आला ते पाहण्यासारखं आहे. ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकानं ‘नॉक्टेस अॅटिके’ नावाचं टिपणांचं मोठं पुस्तक लिहून ठेवलं आहे. त्यात एक चर्चा आहे ती ‘वाळू’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं अनेकवचन होतं की नाही, याची. ज्युलियस सीझरनं आपल्या व्याकरणावरच्या पुस्तकात ते होत नाही असं म्हटलेलं होतं. सम्राट मार्कस ऑरेलियसचा शिक्षक फ्रोंटो या चर्चेत आहे. शेवटी तो आपल्या श्रोत्यांना कामाला लावतो: जुन्या वक्त्यांत, कवींत कुणी हे अनेकवचन वापरलं आहे का, शोधा. फक्त तो लेखक ‘क्लासिकुस’ असला पाहिजे, ‘प्रोलेटारियुस’ नको. लेखकासाठी ‘क्लासिकुस’ वापरल्याचा आपल्यापर्यंत आलेला सर्वांत जुना दाखला हाच.

मला हा उतारा फार मोलाचा वाटतो. वाङ्मयाच्या श्रेष्ठतेचं माप इथं सरळ करवसुलीच्या वहीतून उचललेलं आहे, आणि तसं करताना बोलणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. साहित्याला वर्ग असतो हे मार्क्सनं सांगितलं म्हणून अनेकांना आजही राग येतो. पण मार्क्स जन्मण्याच्या सोळाशे वर्षं आधी रोममधल्या एका व्याकरणचर्चेत ते गृहीतच धरलेलं होतं.

मार्क्स स्वतः ग्रीक-लॅटिन वाचून वाढलेला. १८४१ मध्ये त्याला येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली ती ग्रीक तत्त्वज्ञानावरच्या प्रबंधासाठी. ‘प्रोलेटारियाट’ हा शब्द रोमच्या शिरगणतीतून आलेला आहे याचा त्याला कधीच विसर पडला नाही. लुई बोनापार्टवरच्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला १८६९ मध्ये त्यानं प्रस्तावना लिहिली. तिथं तो अर्थशास्त्रज्ञ सिस्माँदीच्या एका भेदाची आठवण देतो: रोमचा प्रोलेटारियाट समाजाच्या जिवावर जगत होता, आजचा समाज प्रोलेटारियाटच्या जिवावर जगतो. त्याच शब्दाखालचं सगळं नातं उलटलं. बंगालीनं आणि तिच्यामागून हिंदीनं यासाठी ‘सर्वहारा’ हा शब्द घेतला. नझरुल इस्लाम यांच्या १९२६ मधल्या कवितासंग्रहाचं नावच ते आहे. मराठीत तो पुस्तकांपुरताच राहिला. आपल्याकडे ‘कामगार’ आणि ‘कष्टकरी’ हे शब्द चालले, आणि ते बरंच झालं. सर्वस्व गेल्याचं सांगण्यापेक्षा काम करण्याचं सांगणारा शब्द लोकांनी जवळ केला.

मार्क्सचा १८५९ मधला प्रसिद्ध सिद्धांत मराठीत ‘पाया आणि इमला’ म्हणून आला. पाया उत्पादनसंबंधांचा; कायदा, राजकारण, धर्म, कला हा वरचा इमला. ‘इमला’ हा खरेदीखतात भेटणारा शब्द, जमीन आणि तीवरील इमला. मराठी मार्क्सवाद्यांनी तो घेतला यात त्यांचा कान दिसतो. पण या सिद्धांताची लोखंडी चौकट करणाऱ्यांनी मार्क्सची १८५७ मधली टिपणं वाचायला हवीत. ज्या समाजात ग्रीक महाकाव्यं उपजली तो समाज संपला, तरी ती आपल्याला आनंद का देतात, हा खरा अवघड प्रश्न आहे, असं तो तिथं मान्य करतो. रेमंड विल्यम्स या वेल्श समीक्षकानं १९७६ मध्ये ‘कीवर्ड्स’ लिहिलं ते याच धाग्यावर: शब्दांचे अर्थ कसे सरकले हे पाहिलं की समाज कसा सरकला ते दिसतं.

आपला ‘वर्ग’ पाहा. शाळेत तो, गणितात तो, क-वर्ग च-वर्गात तो. बँकेत पैसे वर्ग होतात. याचा धातू ‘वृज्’, म्हणजे वगळणे, बाजूला काढणे. ‘वर्ज्य’ही त्याच धातूचा. गट पाडायचा तर कुणाला तरी बाहेर ठेवावं लागतं, हे त्या धातूतच आहे.

आणि तरीही रोमचा हिशोब इथं पुरा पडत नाही. ‘क्लासिक’च्या मुळाशी मालमत्ता आहे, ‘अभिजात’च्या मुळाशी जन्म. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग, अशी मांडणी केली होती. मालमत्ता आज आहे, उद्या नाही. जन्म बदलता येत नाही. म्हणूनच बाबुराव बागुलांच्या १९६३ मधल्या संग्रहाचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं आहे. वर्ग चोरण्याची गोष्ट कुणाला लिहावी लागली नसती. मराठीतले कम्युनिस्ट बराच काळ वर्गाच्या हिशोबात जात बसवू पाहत राहिले, ही त्यांची मोठी चूक होती असं मला वाटतं. शरद पाटलांनी ती पक्षातून बाहेर पडून दाखवली आणि मार्क्स, फुले, आंबेडकर यांना एका सूत्रात आणलं. अण्णाभाऊ साठ्यांना मात्र हे आधीच कळलं होतं. लाल बावटा कलापथकाचा हा शाहीर १९५९ मधली आपली ‘फकिरा’ ही कादंबरी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण करतो. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेले नारायण सुर्वे १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. फ्रोंटोच्या मापानं यांतला एकही साक्षीला चालला नसता.

मग ‘अभिजात’ टाकून द्यावा का? माझं मत तसं नाही. मराठीच्या दाव्यातला एक मोठा पुरावा ‘गाथासप्तशती’चा. हालाच्या नावानं ओळखला जाणारा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि त्यात नांगरणारे, शिकारी, शेत राखणाऱ्या बायका, गोदाकाठची माणसं आहेत. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि सेवक प्राकृत. नाटकातल्या स्त्रीला गायचं असलं तर ती गाते महाराष्ट्रीत. ज्यांना त्या रंगमंचानं कुलीनांची भाषा दिली नाही, त्यांच्या बोलीवर आज मराठीचा अभिजातपणा उभा आहे. शिक्षकांनी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला, तर त्याखाली हेही लिहावं.