चांदबिबीचा महाल

वर्गात मी कित्येक वर्षे एक चूक शिकवीत आलो. नगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही) पूर्वेस शहा डोंगरावरची ती अष्टकोनी तिमजली इमारत म्हणजे चांदबिबीचा महाल, असे मी बेधडक सांगे. वस्तुतः ती मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर! मोहरमला नगरास गेलो, तेव्हा आधी डोंगर चढून त्याची मनोमन माफी मागितली.

मग चांदबिबी कोठे? किल्ल्यात. १५९६ च्या फेब्रुवारीत मोगलांनी सुरुंगाने तट उडविला. बिबीने जातीने उभे राहून रातोरात खिंडार बुजविले. अखेर वऱ्हाड देऊन शहर वाचविले. आणि १६०० साली, फितुरीच्या संशयाने, तिच्याच माणसांनी तिला ठार केले. हे सांगताना वर्गात माझा आवाज अडखळतो.

कत्तलच्या रात्री कोठल्याची सवारी निघाली. सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हाचा हा वारसा. गर्दीत कुंकू लावलेल्या बायाही नवस फेडायला उभ्या होत्या. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, “पाहुणे, चांदबिबीचा महाल पाहिलात ना?”

“पाहिला,” मी म्हणालो.